साहेबांनी सांगितलेली अडचण

“त्यांना आज अडचण आहे. त्या बाहेर थांबतील.”

साहेब हे आधी इंग्रजीत बोलले. मग शिपाई शिवण्णाला कळावं म्हणून मोडक्यातोडक्या कानडीत. यंत्राच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. पूजा सांगायला आलेले भटजी होते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या चार पोरी होत्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळ्यांनी झटक्यात नजर खाली घातली. मी दारातच होते. एक पाय आत, एक बाहेर. आतला पाय बाहेर घेतला.

मला अडचण नव्हती.

हे तिथंच ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काय सांगणार? भरल्या खोलीत बाईनं उभं राहून सांगायचं, की मला पाळी आलेली नाही? मी चपला घातल्या आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो त्या दिवशी खाल्ला.

ही बंगळूरची गोष्ट. साठ साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. विमानांची गणितं करणाऱ्या एका सरकारी संस्थेत मी नोकरीला होते. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगून काय मिळणार? दिवस आयुधपूजेचा होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा होते. लोहार घणाची करतो, शिंपी मशीनची, रिक्षावाला रिक्षाची. आमच्याकडं नवीन इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं होतं, म्हणून त्याची पूजा. दाराला केळीचे खांब बांधलेले. फोडायला कोहळा आणलेला. आणि त्या यंत्राला रोज खायला घालणारी मी, व्हरांड्यात.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तिच्या अंगाचा तो उग्र वास आंघोळ करूनही जायचा नाही. छप्पन साली आमच्या गल्लीनं देव सोडले. आईनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि वेदगंगेत सोडून आली. आली ती म्हणाली, “झालं बाई. आता कुणाच्या पाया पडायचं न्हाई.” मी तेव्हा शाळेत होते. पुढं कोल्हापुरात गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि जाहिरात बघून बंगळूरला आले. पदाचं नाव होतं कॉम्प्युटर. खोटं नाही सांगत. तेव्हा माणसांनाच कॉम्प्युटर म्हणायचे. मोठ्या हॉलमध्ये तीस टेबलं, प्रत्येक टेबलावर हातानं फिरवायचं गणिताचं यंत्र. दिवसभर दांडा फिरवायचा आणि आकडे लिहायचे. संध्याकाळी उजवा खांदा उचलत नसे. मग खरं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, आमचं नावही घेऊन गेलं. मला आणि आणखी चौघींना कार्डांना भोकं पाडायच्या कामावर घातलं. पंचरूम म्हणायचे त्या खोलीला.

आता साहेबांबद्दल सांगते. ते पुण्याकडचे. हुशार माणूस, विलायतेत शिकून आलेला. पहिल्या दिवशी मला बघून केवढे खूश झाले! “अरे वा, आपल्याकडच्या का तुम्ही? आडनाव काय?”

मी आडनाव सांगितलं.

“गाव?”

गाव सांगितलं.

“अच्छा, अच्छा,” म्हणाले. आणि खुर्ची इंचभर मागं घेतली.

त्या कचेरीत कानडी होते, तमिळ होते, मल्याळी होते. माझ्या आडनावावरून त्यांना काही कळायचं नाही. माझी जात ओळखणारा अख्ख्या इमारतीत एकच माणूस, आणि तो माझ्या भाषेचा. घरापासून इतक्या लांब येऊन मराठी ऐकायला कान आसुसलेले असायचे हो. साहेब मराठीत बोलले की बरंही वाटायचं आणि मी सावधही व्हायचे. मराठी कुटुंबांना ते गणपतीला घरी बोलवायचे. मला म्हणायचे, “तुम्हाला लांब पडेल.” मी हलसूरला राहायचे. साहेबांचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर होतं.

तरी काम शिकवताना त्यांनी हात आखडता घेतला नाही, हे कबूल करते. म्हणजे झालं असं. साहेब कागदावर प्रोग्राम लिहायचे आणि आम्ही तो कार्डांवर उतरवायचा. एका ओळीला एक कार्ड. बाकीच्या पोरी बघून बघून पंच करायच्या. मी वाचायचे. गणित होतं ना पोटात! एकदा साहेबांच्या कागदात चूक सापडली. यंत्राकडून एक गणित शंभर वेळा करून घ्यायचं होतं, साहेबांच्या हिशेबानं ते एकशे एक वेळा झालं असतं. मी जाऊन दाखवलं. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. “हं,” म्हणाले. पुढच्या महिन्यापासून सोपे प्रोग्राम माझ्याकडं लिहायला यायला लागले. नंतर अवघडही. वर नाव साहेबांचं असायचं. मी म्हटलं, असू दे, आपल्याला शिकायचंय.

मग प्रोग्रामरच्या जागा निघाल्या. खात्यातल्या खात्यात परीक्षा झाली. मी बसले आणि पास झाले. यादी साहेबांच्या शिफारशीनं लागायची होती. पंचरूममधून बाहेर पडायचा तेवढा एकच रस्ता होता. नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या ओळींना भोकं पाडत बसायचं. साहेब म्हणालेही होते, “तुमचं नाव मी पुढे केलंय. दिल्लीचे पाहुणे येतायत, त्यांच्यापुढचं काम तेवढं नीट होऊ द्या.”

ते काम म्हणजे विमानाच्या पंखावर पडणाऱ्या ताणाचं गणित. प्रोग्राम माझा. पंचिंग माझं. साडेनऊशे कार्डांचा गठ्ठा. गठ्ठ्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढायची असते, म्हणजे एखादं कार्ड मागंपुढं झालं की रेघ तुटलेली दिसते. माझी रेघ सरळसोट होती. आयुधपूजेच्या सकाळी मी तो गठ्ठा रबर लावून शिवण्णाच्या हातात दिला. त्यावर पाणी पडायला नको, दमट हवासुद्धा लागायला नको, हे त्याला दोनदा सांगितलं. कार्ड म्हणजे शेवटी पुठ्ठाच. ओलं झालं की फुगतं, आणि फुगलेलं कार्ड यंत्राच्या तोंडात अडकतं.

व्हरांड्यातून यंत्राची खोली दिसायची. पाहुण्यांना लांबून बघता यावं म्हणून भिंतीत भलीमोठी काच बसवलेली होती. तिथून मी पूजा बघत होते. खरं सांगू? मला ती पूजा करायची नव्हतीच. आम्ही देव सोडलेले. मी आपली दारापाशी उभी राहणार होते, हात न जोडता. कुणी कुंकू लावायला आलं असतं तर नको म्हटलं असतं. पण ते नको माझं असतं. साहेबांनी माझं नको माझ्या तोंडातून काढून घेतलं आणि त्या जागी स्वतःचं खोटं कोंबलं.

भटजींनी यंत्राला गंध लावलं, हार घातला. साहेबांनी आपलं पेन ठेवलं, मोजपट्टी ठेवली. आणि मग शिवण्णाला खूण केली. शिवण्णानं माझा गठ्ठा आणला. साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याचं रबर काढलं आणि तो ताम्हनाशेजारी चौरंगावर मांडला. दिल्लीचं काम ना! त्याला आशीर्वाद नको? विलायतेत शिकलेला माणूस! त्याला कार्डाचं आणि पाण्याचं वैर ठाऊक नव्हतं का? होतं की. पण त्या घटकेला तो साहेब नव्हता, यजमान होता.

भटजींनी पळी उचलली.

मी काचेवर हात आपटला. “पाणी नको! कार्डांवर पाणी नको!” काच जाड. आत आवाज गेला असेल नसेल, पण धपधप ऐकू आली. सगळे वळले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि तळहात दाखवला. थांबा तिथंच. त्यांना वाटलं, ही आत यायला मागते. मी पुन्हा आपटला. नागरत्ना नावाची पंचरूममधली पोर तोंडाला पदर लावून बघत राहिली. तीर्थ शिंपडून झालं. हळदकुंकू पडलं, अक्षता पडल्या, ओली फुलं गठ्ठ्यावर ठेवून झाली. मी काचेवरचा हात काढला. तळव्याला झिणझिण्या आल्या होत्या.

मग शिवण्णा कडलेपुरी घेऊन बाहेर आला. कुरमुरे आणि फुटाणे, इथला आयुधपूजेचा प्रसाद. एरवी तो मला अक्का म्हणायचा, चहाचा ग्लास हातात द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, “स्वल्प दूर, अक्का.” आणि पुडी कठड्यावर ठेवून गेला. बिचाऱ्याला माझी जात कुठं माहीत होती? त्याला साहेबांनी जे सांगितलं ते तो पाळत होता.

साहेब बाहेर पडले तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात गेले. “सर, गठ्ठा भिजलाय. मला आत्ता नवीन कार्डं पंच करू द्या. संध्याकाळपर्यंत होईल.”

“काही भिजलेलं नाही. चार थेंब.”

“सर, अक्षता आत गेल्यात. एक दाणा अडकला तरी...”

“अहो, आज सण आहे. आणि तुम्हाला आज कुठल्याच यंत्राला हात लावता येणार नाही, सगळ्यांसमोर सांगून बसलोय मी.” मग आवाज खाली आणला. “लाज राखली तुमची. समजून घ्या जरा.”

माझी लाज! म्हणजे मी काय लाज वाटावी असं केलं होतं? आईच्या पोटी जन्मले, तेवढंच. खोलीला कुलूप लागलं. दोन दिवस सुट्टी. थंड हवेचं यंत्रही बंद.

तिसऱ्या दिवशी काम सुरू केलं आणि दोनशेव्या कार्डाच्या आसपास यंत्रानं घास अडकल्यासारखा आवाज काढला. कार्डं वाकडी झाली, फाटली, एकावर एक चढली. कुंकवाचा लगदा आतल्या ब्रशांना चिकटला. मुंबईहून दुरुस्तीवाला इंजिनिअर येईपर्यंत तीन दिवस गेले. त्यानं चिमट्यानं तांदळाचे दाणे काढून बशीत ठेवले आणि विचारलं, “हे काय आहे?” मधल्या काळात दिल्लीचे पाहुणे आले, बंद यंत्र बघून, कॉफी पिऊन गेले.

आता दोष कुणाचा? भटजींचा म्हणता येत नाही. देवाचा तर नाहीच. साहेबांचा कोण म्हणणार? पहिल्यांदा शिवण्णा बोलला. चांगला माणूस, पण बोलला. म्हणाला, अक्कानं सकाळी गठ्ठ्याला हात लावला होता, मुट्टु असताना. मुट्टु म्हणजे तेच, पाळी. म्हणून यंत्र बिघडलं. दुपारपर्यंत ते हॉलभर झालं. एम.एस्सी. झालेली माणसं हसत हसत बोलत होती, आणि हसण्याच्या आड मानतही होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

पुढच्या आठवड्यात मला खरोखरच पाळी आली. पंचरूममध्ये आम्ही पाचजणी, लपून काय राहतंय? नागरत्नानं बोटांवर दिवस मोजले. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या हात धुवायला गेल्या तशी हळूच म्हणाली, “त्या दिवशी नव्हतंच ना तुला?”

“नव्हतं.”

“मग साहेब तसं का म्हणाले?”

किती दमले होते मी! आठवडाभर कुजबुज ऐकून, खाली बघून दमले होते. त्याच्या आधीची दोन वर्षं आडनाव पुटपुटून, गावाचं नाव गिळून दमले होते. म्हटलं, “मी महार आहे. आता बौद्ध. साहेबांना माहीत आहे, तुम्हाला नव्हतं.”

नागरत्नानं आपला डबा माझ्यापासून लांब नेला नाही. पण त्या दिवसानंतर माझ्या डब्यात हातही घातला नाही. रागावू कुणावर? निदान विचारलं तरी तिनं.

दोन दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. इंग्रजीत. मी वाचला. लिहिलं होतं, की प्रकृती अस्वस्थ असल्यामुळे माझ्याकडून कार्डांचा गठ्ठा हाताळताना हलगर्जी झाली, कार्डे दमट राहिली, मला खेद आहे. खाली माझं नाव. नावावर सहीसाठी रिकामी जागा.

“एक सही करा,” साहेब म्हणाले. “मी वर सांभाळून घेतो. नोकरीला धक्का लागणार नाही. प्रोग्रामरच्या यादीचं... या खेपेला नाही जमणार. पुढच्या वेळी पाहू.”

“आणि नाही केली तर?”

“तर चौकशी होईल. तुम्ही अजून कायम झालेल्या नाही आहात. उगाच स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

सही केली तर पंचरूम. नाही केली तर कदाचित निपाणीची वखार. दोन्हीकडून प्रोग्रामरची जागा गेलेलीच. मी पेन उचललं, खोटं कशाला बोलू? उचललं. आईच्या दम्याच्या औषधाचे महिन्याचे पैसे डोळ्यांपुढं आले. कागदावर टोक टेकवलं आणि मला तो शब्द पुन्हा दिसला. प्रकृती अस्वस्थ. माझ्या शरीराबद्दल हा माणूस दुसऱ्यांदा खोटं बोलत होता. आणि आता ते माझ्या सहीनं कायमचं खरं करून हवं होतं.

“सर, मला त्या दिवशी अडचण नव्हती.”

“ते मला माहीत आहे.”

किती सहज म्हणाला तो माणूस. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“मग का सांगितलंत?”

“तुमच्यासाठीच! दुसरं काय सांगायला हवं होतं मी? भटजी समोर. खरं सांगायचं होतं?”

“हो,” मी म्हटलं. “खरं सांगायचं होतं.”

साहेबांच्या तोंडाकडं बघायला हवं होतं तुम्ही. राग नव्हता. खरंखुरं आश्चर्य होतं. ही बाई स्वतःच्या तोंडानं असं मागेल, हे त्यांच्या गणितात कुठं बसतच नव्हतं.

मी तो कागद उलटा केला. पाठीमागं कोऱ्या बाजूला लिहायला लागले. मला जमेल तशा इंग्रजीत. आयुधपूजेच्या दिवशी माझी प्रकृती उत्तम होती. मला खोलीबाहेर ठेवलं, कारण मी जन्मानं महार आहे. माझ्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी सर्वांना दुसरं कारण सांगितलं. गठ्ठा मी कोरडा दिला. त्याचं रबर कुणी काढलं, तो चौरंगावर कुणी ठेवला, पाणी कुणी शिंपडलं, मी काचेवर हात किती वेळा आपटला, नवीन गठ्ठा पंच करण्याची परवानगी कुणी नाकारली, सगळं ओळीनं लिहिलं. प्रोग्राम लिहावा तसं. एक ओळ इकडची तिकडं नाही. शेवटी हेही लिहिलं, की तो प्रोग्राम माझा आहे. मग सही केली.

“हे तुम्ही देऊ शकत नाही,” साहेब म्हणाले.

“देऊ शकते की. आवक खिडकीवर देते.”

दिला. कारकुनानं वाचायला सुरुवात केली, मध्येच थांबला, माझ्याकडं बघितलं. म्हटलं, शिक्का मारा. त्यानं मारला.

पुढं काय झालं म्हणाल, तर फार काही झालं नाही. साहेबांना कुणी काही विचारल्याचं ऐकलं नाही. माझी चौकशी झाली नाही. चौकशी झाली असती तर तो कागद मोठ्यानं वाचावा लागला असता. महिन्याभरानं यादी लागली. माझं नाव नव्हतं. माझ्याहून कमी मार्कांची दोन नावं होती. शेऱ्यात म्हणे लिहिलं होतं, स्वभाव कामास अनुकूल नाही. साडेनऊशे कार्डं मी पुन्हा पंच केली. गणित बरोबर आलं. अहवालावर नाव साहेबांचं होतं.

यादी वाचली त्याच दुपारी मी कचेरीतून पुढच्या परीक्षेचा अर्ज मागून घेतला. कारकून म्हणाला, अजून वर्ष आहे. म्हटलं, असू दे. उभ्या उभ्या भरला. जात विचारणाऱ्या रकान्यात आजवर इतकं बारीक लिहायचे की वाचता येऊ नये. त्या दिवशी रकाना पुरला नाही.

तो घेऊन साहेबांकडं गेले. शिफारशीला सही त्यांचीच लागणार होती. केबिनमध्ये दुसरे दोन अधिकारी बसले होते. साहेब मराठीत म्हणाले, “नंतर या.”

मी इंग्रजीत बोलले. त्या दोघांना कळावं म्हणून.

“अर्ज ठेवून जाते, सर. सही करायची तर करा. नाही केलीत तर का नाही ते लिहून द्या. दर वर्षी मी हा अर्ज आणणार आहे. आणि यापुढं मला दाराबाहेर ठेवलंत, तर माझं कारण तुम्ही सांगायचं नाही. माझं मी सांगेन. तुमचंही मीच सांगेन.”